आण्णा, वाट तुम्ही नाही मोडली

ति. आण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक पाठवतेय, सोन्या वाचून दाखवेल. आणि सोन्या, मधलं काही गाळायचं नाही बरं का, आत्यानं लिहिलंय तसं सगळं वाचायचं, आजोबा 'पुरे' म्हणले तरी. फोनवर हा विषय काढला की आण्णा 'बरं बरं, ठेव आता' म्हणतात आणि आई रडायला लागती, म्हणून लिहायला बसले.

परवा आण्णा तुम्ही सांगितलंत की यंदा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं नाही, दिवाळीच्या आत सगळी बकरी, म्हणजे आपली मेंढरं, विकून टाकायची, लोणंदच्या बाजारातल्या व्यापाऱ्याशी बोलणं पण झालंय. तुमचे गुडघे, आईचा दमा, सोबतीला चालणारा माणूस नाही, हे सगळं मला कळतं आणि मीच कितीदा तुमच्या मागं लागलेय की आता बास करा. पण फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, 'बापानं दिलेलं माझ्या हातनं मोडलं'. हे वाक्य काय माझ्या डोक्यातनं जाईना. ऑफिसात फेरफार बघत असते आणि मधेच ते आठवतं आणि पोटात खड्डा पडतो. आण्णा, तुमच्या हातनं काही मोडलेलं नाही. मी तलाठी आहे, जमिनीचीच कागदं रोज हाताळते, त्यामुळं हे मी नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, पुढं वाचा.

तुम्ही लोक दरवर्षी फलटणवरनं लोणंद, शिरवळ, भोर करत वरंध घाट उतरून महाडकडं जात होता, ते काय हौस म्हणून नाही. आपल्याकडं वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, महाडला 3000 च्या वर. दिवाळीनंतर आपल्या माळावरचं करड गवत संपत आलेलं असतं आणि तिकडं भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात, बांधावर हिरवं असतं, ओढ्याला पाणी असतं. कोकणातल्या शेतकऱ्याला राबाच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर लेंडीखत पाहिजे असायचं आणि आपल्याला चारा पाहिजे असायचा. रात्रभर बकरी त्याच्या रानात बसवायची, सकाळी तो पायलीनं भात नाहीतर तांदूळ द्यायचा. मग वळीव पडायला लागला की मृगाच्या आत घाट चढून वर, कारण तिकडच्या पावसात आपल्या मेंढीचे खूर सडतात. दोन मुलखांचे दोन पाऊस आणि मधे तुम्ही. कुठल्या इंजिनिअरनं आखलं असतं तरी याच्यापेक्षा बरं आखता आलं नसतं असं मला खरंच वाटतं, आणि हे तुम्ही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद-पेन्सिल न घेता चालवलं.

आता यातलं काय काय कुणी काढून घेतलं ते बघा.

महाडच्या अलीकडं ते कदमांचं घर, तुम्हाला आठवतंच, जिथं आपला तळ सगळ्यात जास्त दिवस पडायचा. म्हातारे कदमकाका आपल्यासाठी भाताची कणगी वेगळी ठेवायचे आणि आई त्यांच्या सुनेला खरवस द्यायची. काका गेले, पोरं मुंबईला, रानात काजूची कलमं लावली आणि भोवतीनं तारेचं कंपाउंड. त्या पोरानं तुम्हाला हाकललं नाही, चहा पाजला, आणि म्हणाला 'काका, आता खाचरंच राहिली नाहीत हो'. त्याचं तरी काय चुकलं? भातशेती परवडत नाही, राब भाजायला माणूस नाही, युरियाची गोणी दुकानात मिळते. शेजारची दोन रानं तर पुण्या-मुंबईच्या लोकांनी फार्महाऊसला घेतली, त्यांना बकऱ्यांची लेंडी नको आणि घुंगराचा आवाजही नको. तळाला जागा नाही म्हणजे जाण्यात अर्थ नाही. यात आण्णा तुम्ही कुठं आलात?

इकडं वर बघा. नीरा उजवा कालवा आजोबांच्या लहानपणी आला, तेव्हापासनं कालव्याच्या खाली ऊस. पण कालव्याच्या वरचा भाग तरी कोरडा होता, माळ होता, आपली बकरी पावसाळ्यात तिथंच निघायची. नंतर धोम-बलकवडीचं पाणी आलं आणि तिथंही ऊस, डाळिंब. पाणी आलं ते चांगलंच झालं, ज्याला मिळालं त्याच्या पोरी शिकल्या, मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. फक्त पाणी देताना माळावर कोण जगतं हे कुणी विचारलं नाही.

आणि रस्ते. लोणंद-फलटणचा पालखी मार्ग चौपदरी झाला, वारीला चांगला झाला, पण मधे काँक्रीटचा दुभाजक. शिरवळला पुणे-सातारा हायवे ओलांडायचा तर रात्री दोन-अडीचला. मी कॉलेजात असताना सुट्टीला तुमच्याबरोबर आले होते ती रात्र मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढं घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या आणि शेजारच्या वाड्यातलं, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्यातलं, बारकं पोरगं, ते पण दोरीनं बांधलेलं. तुम्ही रस्त्याच्या मधोमध बॅटरी हलवत उभे, कंटेनरवाला हॉर्न सोडत नव्हता आणि त्या हॉर्ननं कळप मधनं फाटला, निम्मी बकरी अलीकडं निम्मी पलीकडं, आणि मधल्या पट्ट्यात कोकरं घेऊन आई. आई एका हातात दोन कोकरं धरून शांतपणे 'हिर्रर्र हिर्रर्र' करत होती. ती एकदा ओरडली असती तर सगळी उधळली असती. मी रस्त्याच्या कडेला थरथरत उभी होते आणि तुम्ही दोघं मात्र रोजचं काम असल्यासारखे. हा हायवे बांधताना लोकांसाठी भुयारी मार्ग ठेवले, गाड्यांसाठी सर्व्हिस रोड ठेवले, मेंढरांना मात्र जागा ठेवली नाही. म्हणून आता आपली लोकं पिकअप, टेम्पो करून बकरी नेतात, भाडं परवडत नाही तरी नेतात, आणि वाटेतला चारा, वाटेतले तळ, वाटेतले शेतकरी सगळं सुटतं ते सुटतंच.

आता माझ्या खात्याचं सांगते, कारण मला हेच सगळ्यात जास्त लागतं. शेतकऱ्याला त्याच्या रानात जायला रस्ता नसला तर तो जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडं अर्ज करतो, आम्ही पंचनामा करतो, बांधावरनं रस्ता मिळतो. त्याच 1966 च्या संहितेत कलम 161 चं निस्तारपत्रक आहे, कलम 165 चं वाजिब-उल-अर्ज आहे, म्हणजे गावातल्या चराईच्या, वहिवाटीच्या रूढी नोंदवायची सोय कायद्यात आहे. पण मी जेवढी दप्तरं बघितलीत त्यातल्या एकातही मेंढरांच्या वाटेची ओळ मला सापडलेली नाही. ज्याच्या नावावर गट नंबर आहे त्याची वाट कागदावर येते, ज्याच्या नावावर काहीच नाही, जो दोन महिने एका तालुक्यात आणि दोन महिने दुसऱ्या, त्याची वाट कुठल्या तलाठ्यानं लिहायची? आजोबांनी, पणजोबांनी जी वाट तुडवली ती सातबाऱ्यावर कधी चढलीच नाही, त्यामुळं ती बुजवताना कुणाची हरकत आली नाही, कुणाला नोटीस द्यावी लागली नाही. वाट गेली याची नोंद सुद्धा नाही, आण्णा.

गायरानांचं तर तुम्हाला माहितीच आहे. एका कोपऱ्यात घरकुलं, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, उरलेल्यात कुणाचं तरी अतिक्रमण. 2011 साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण कोर्टानं सांगणं आणि गावात होणं यात लय अंतर आहे. आणि जंगल खात्याकडच्या माळावर चर खोदून झाडं लावली. जिथं कधी झाड नव्हतंच, गवतच होतं, गवतावर चिंकारा, लांडगा, माळढोक जगत होते, त्याला इंग्रजांच्या काळापासनं 'पडीक' म्हणायची सवय लागली आणि पडीक म्हणलं की काहीतरी लावून भरून टाकायचं. आता कुठं शास्त्रज्ञ लोक सांगायला लागलेत की गवताळ रान हे पण जंगलाइतकंच मोलाचं असतं आणि लांडगा टिकलाय तो धनगराच्या बकऱ्यांवर. तुम्ही हे कधीपासनं सांगताय. लांडग्यानं कोकरू नेलं की आई शिव्या द्यायची, पण 'त्याचा वाटा' म्हणून तुम्ही कधी विष ठेवलं नाही.

मधे मी स्पेनचं वाचत होते. युरोपातला देश आहे. तिथं पण मेंढपाळ उन्हाळ्याला डोंगरात आणि थंडीला खाली उतरायचे, आपल्यासारखेच, आणि त्यांचंही बंद पडत आलंय. पण तिथं मेंढरांच्या वाटांना शेकडो वर्षांपासनं कायद्याचं संरक्षण आहे, 1995 साली परत नवा कायदा केला, त्या वाटा सरकारी मालकीच्या, विकता येत नाहीत. सगळ्यात मोठी वाट 75 मीटरपर्यंत रुंद असते. 75 मीटर आण्णा! आपला चौपदरी रस्ता त्यात आरामात बसेल. ऑक्टोबरात माद्रिदला, म्हणजे त्यांच्या राजधानीत, भर शहरातनं मेंढरं नेतात आणि पंधराव्या शतकातल्या जुन्या करारापोटी महापालिकेला नाममात्र नाणी मोजतात, म्हणजे हक्क जिवंत आहे हे दाखवायला. 2023 साली दहा युरोपियन देशांच्या या हंगामी फिरतीला युनेस्कोनं मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत एकत्र घेतलं. आणि 2026 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी गवताळ राने आणि पशुपालक यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. तिथले मेंढपाळ आपल्यापेक्षा जास्त निष्ठावान होते असं काही नाही. त्यांच्या वाटेची नोंद होती, आपल्या वाटेची नव्हती, एवढाच फरक मला दिसतो.

लोकरीचं पण तुम्ही मनाला लावून घेता. आजोबांच्या वेळी घोंगडी विणणारे सनगर वाड्यावर येऊन लोकर घेऊन जायचे, घोंगडी व्हायची, घरात दोन पैसे यायचे. आता कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आपल्या पावसा-थंडीला बनलेली, तिला मिलच्या ब्लँकेटनी मारलं. सगळ्यांनी मटणासाठी माडग्याळ जातीची मेंढी घातली, कारण लांब कानाचं, बाकदार नाकाचं कोकरू जास्त पैसे देतं. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा गुण आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात 'जुळं पाजत मेंढी घाट कशी चढंल?' मला तो प्रश्न अजून पटतो. एका जागी बांधून पाळणाऱ्याला जुळं चांगलं, चालणाऱ्याला चालणारीच मेंढी पाहिजे. दोन्ही राहायला पाहिजेत.

आई, आता तुझ्याशी. सगळे जण वाड्याच्या फोटोंचं कौतुक करतात, लाल पागोटं, काळी घोंगडी, संध्याकाळची धूळ. त्या फोटोत तू कुठंच नसतीस, कारण तू तेव्हा पुढच्या तळावर पोचून तीन दगड मांडून पाणी शोधायला गेलेली असतीस. पहाटे वाडा मोडायचा, घोडी लादायची, माणसांच्या आधी तळ गाठायचा, वाघर, म्हणजे कोकरं कोंडायची जाळी लावायची, दळण, भाकरी, आजारी कोकरू, गावातल्या बायांची बोलणी. दादाला तू भोरच्या पुढं एका झाडाखाली जन्म दिलास आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागलीस, हे तू अशा आवाजात सांगतीस की जसं काय बाजारात जाऊन आलीस. तू जेव्हा म्हणतीस 'मला नको आता ते', तेव्हा तुला पूर्ण हक्क आहे. आण्णांना वाटतं तू साथ सोडलीस. आण्णा, तिनं काही सोडलेलं नाही, तिचं शरीर थकलंय. मला आश्रमशाळेत घालायचा हट्ट तिनंच धरला होता आणि तुम्ही रागानं दोन तळ तिच्याशी बोलला नव्हता, आणि तरी दर महिन्याला कुठूनतरी गूळ-शेंगदाण्याचं गाठोडं घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचात ते तुम्हीच.

आणि आई, तुझ्याकडनं मला एक शिकायचंय. संध्याकाळी बकरी माघारी आली की वाघर उघडायची आणि शंभरभर कोकरं एकदम सुटायची, ते बें बें, ती धूळ, कोण कुणाची आई काही कळायचं नाही, आणि तू मधे उभी राहून चुकलेलं कोकरू बरोबर उचलून त्याच्या आईला लावायचीस. अंधारात सुद्धा. मी विचारलं की 'तोंडावरनं कळतं' म्हणायचीस. मला सगळी तोंडं सारखीच दिसायची. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि जनावरांच्या डॉक्टरला पण येत नाही, मी आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारलंय.

आता कामाचं बोलते, सोन्या हे नीट सावकाश वाच.

एक तर बकरी सगळी एकदम व्यापाऱ्याला देऊ नका. सरसकट सौद्यात तो म्हाताऱ्या मेंढीचा भाव धरणार आणि तुमची चांगली जात मातीमोल जाणार. जुन्या दख्खनी वळणाच्या काळ्या मेंढ्या आणि तो कपाळावर पांढरा ठिपका असलेला एडका, एवढं मागं ठेवायचं. काशाबापूचा वाडा यंदा लांब जाणार नाहीये, फलटण-बारामतीच्या पट्ट्यातच फिरणार आहे. डाळिंबवाले, द्राक्षवाले आता परत बकरी बसवायला बोलवायला लागलेत, नुसत्या युरियावर जमीन मरती हे त्यांना कळायला लागलंय, आणि पैसे पण बरे देतात. आपली ठेवलेली बकरी त्यांच्या खांडात घालू, मी बापूशी बोललेय, तो हो म्हणालाय. राखणीचे पैसे मी देईन, त्यावर वाद नको. तुम्हाला वाटेल तेव्हा मोटारसायकलवर बसून दोन दिवस वाड्यावर जाऊन या. आई घरी राहील.

घोडी विकायची नाही. म्हातारी झालीय, तिला कोण घेणार आणि घेऊन काय करणार ते तुम्हाला माहितीय. ती आपल्या दारात मरू दे.

कुत्री काशाबापूकडं.

राहिलेल्या बकऱ्यांचं लसीकरण, पीपीआरचं आणि आंत्रविषाराचं, विकायच्या आधी करून घ्या, पावती ठेवा. मेंढीपालनाच्या सरकारी महामेष योजनेचा फॉर्म यंदा मी ऑनलाइन भरणार आहे, दादाच्या नावावर, त्याला लागणारा जातीचा दाखला पेटीत तांबड्या पिशवीत आहे. आणि पशुगणनेवाले परत कधी येतील तेव्हा आम्ही फिरस्ते आहोत असं ठासून सांगायचं. 2024 साली सुरू झालेल्या गणनेत पहिल्यांदाच फिरत्या पशुपालकांची नोंद वेगळी घेतली, पुढच्या खेपेला तुम्ही 'आता सोडलं' म्हणालात तर तुम्ही त्यातनं पण गेलात.

आणि हे शेवटचं, याच्यासाठी मला तुम्ही पाहिजे आहात. माझ्या सज्ज्यातल्या, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडं असलेल्या, एका गावात अजून वाडे येतात. तिथल्या गायरानातनं ओढ्याकडं उतरणारी जुनी वाट आहे, अजून कुणी नांगरलेली नाही. मी ग्रामसेवक आणि सरपंचबाईंशी बोललेय, पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा की ती वाट आणि ओढ्याजवळची तळाची जागा मेंढपाळांसाठी मोकळी ठेवावी. ठराव झाला तर तहसीलला प्रस्ताव मी पाठवीन, पास होईल का नाही ते पुढचं पुढं. पण ग्रामसभेत लोक विचारणार, असली वाट खरंच होती कशावरून? तेव्हा तिथं उभं राहून सांगणारा माणूस पाहिजे, आणि तो माझा बाप असला तर मला जास्त आवडेल. फलटणपासनं महाडपर्यंतचा एकेक तळ, त्याचं नाव, पाणी कुठलं, शेतकरी कोण, कुठं बाभळीच्या शेंगा पडतात, कुठं लांडगा असतो, हे सगळं तुमच्या तोंडून मला रेकॉर्ड करायचंय आणि गावनकाशावर टाकायचंय. जर्मनीचे सोन्थायमर साहेब आपल्या लोकांच्या ओव्या रेकॉर्ड करत गावोगाव फिरले होते, मग आपल्या वाटा आपल्याच पोरीनं का नाही लिहायच्या. माझ्याकडं गाडी आहे, आपण दोघं भोरपर्यंत सावकाश जाऊ, देवघर धरणाच्या कडेकडेनं वरंधपर्यंत, तुम्ही पुढच्या सीटवर बसून दाखवा, मी फोनवर टिपत जाईन. काजूवाल्या कदमाच्या पोराला पण भेटून येऊ, त्याच्या वडलांनी लिहून ठेवलेल्या वह्यांत भाताचा हिशोब असेल, तोही पुरावाच आहे.

शनिवारी मी येतेय. तोपर्यंत व्यापारी आला तर त्याला चहा द्या आणि 'लेक आली की बोलू' एवढंच सांगा, इसार अजिबात घेऊ नका. सोमवारी फलटणला गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, सकाळी दहा, आदल्या एक्सरेचं पाकीट शोधून ठेवा, मागल्या खेपेला ते घोंगडीच्या घडीत सापडलं होतं. आई, तुझा पंप संपत आलाय का बघून सोन्याला मेसेज करायला सांग, मी इथनंच घेऊन येते.

तुमची लेक,
सुनीता